रोड रॅश : येणे बाकी

कॉमर्सला असताना इतवारीतल्या मित्राच्या दुकानात, बिलं करायच्या संगणकावर मी 'रोड रॅश' खेळलो. खेळ 1996चा. फटफटीची शर्यत, शेजारच्याला लाथ मारायची, त्याच्याच हातची साखळी हिसकायची, पोलिसानं धरलं की दंड भरायचा. हिंसक म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी शहीद चौकातून स्कूटर काढून दाखवावी!

माझी आवडती जागा मात्र वेगळी. बाकीचे खेळ पडलेल्याला आयतंच गाडीवर बसवतात. इथं गडी उठायचा आणि लांब पडलेल्या गाडीकडे स्वतःच्या पायांनी पळत जायचा. पडण्याला एवढा मान दुसऱ्या शर्यतीत मी पाहिला नाही.

2000 साली 'जेलब्रेक' आला, तो प्लेस्टेशनवर. आमच्याकडे कुठला प्लेस्टेशन! पुढे मालिकाच थांबली. 2017 साली दुसऱ्यांनी त्याच वळणाचा 'रोड रिडेम्प्शन' काढला. मुलानं लावून दिला. बराय, पण तो परक्या खात्यातला भरणा, आमचं येणं तसंच.

परवा इतवारीतच स्कूटर घसरली. गाडी चार पावलांवर. उठायला गेलो, तर गुडघा ऐकेना. हातगाडीवाल्यानं हात दिला.

"आरामात उठा काका, कायची घाई हाय?"