पुस्तकाचं जॉइंट खातं

बँकेत जॉइंट खात्याची एक गंमत रोज दिसते. पासबुकावर नावं दोन; पण मंद्रूपच्या काउंटरवर येणारा येतो एकटाच, आणि बोलतो अशा थाटात, की दुसरं नाव म्हणजे छपाईची चूक असावी! सचित्र पुस्तकाचं अगदी असंच आहे. पहिलं नाव लेखकाचं, ठळक टायपात. दुसरं चित्रकाराचं, ते आतल्या पानावर, मुद्रक आणि किंमत यांच्यामध्ये अंग चोरून उभं असतं.

विलायतेत या दुसऱ्या खातेदाराचा दरारा होता. शेरलॉक होम्सची ती पुढेमागे झापड असलेली टोपी घ्या. कॉनन डॉयलनं तिचं नावसुद्धा कुठं घेतलेलं नाही. १८९१ साली 'स्ट्रँड' मासिकात सिडनी पॅजेट या चित्रकारानं ती होम्सच्या डोक्यावर चढवली, ती आजतागायत उतरलेली नाही. टेनिएल तर त्याच्याही पुढचा. 'ॲलिस'च्या दुसऱ्या पुस्तकातलं गांधीलमाशीचं प्रकरण त्याला पसंत पडेना. तसं त्यानं लुईस कॅरलला कळवलं आणि १८७१ साली पुस्तक निघालं ते गांधीलमाशी वगळूनच. याला म्हणतात सहीचा अधिकार!

आपल्याकडे 'अपूर्वाई' घ्या. पु. ल. देशपांडे शब्दांचे सावकार, तर शि. द. फडणीस बिनशब्दांच्या हास्यचित्रांचे बादशहा. जोडी जमली ती यामुळेच. लेखकाचा विनोद चित्रात पुन्हा सांगायची फडणिसांना गरजच नव्हती. त्यांच्याकडे स्वतःचा होता. 'बटाट्याची चाळ'ला वसंत सरवटे लाभले. पेशानं अभियंता, त्यामुळे बांधकाम पक्कं. आणि रेषा अशी तिरकस, की माणूस हसताहसता स्वतःलाच चाचपून पाहतो.

वाईट चित्रही ओळखायला सोपं असतं. मजकूर म्हणतो, 'तो खिडकीत बसला होता.' शेजारी चित्र : खिडकी, आणि तीत बसलेला तो. आमच्या लेजरमध्ये एकच रक्कम दोनदा पडली, तर संध्याकाळी हिशेब जुळत नाही. इथं मात्र कुणी तपासत नाही. चांगलं चित्र मजकुरात नसलेली रक्कम जमा करतं. हीच त्याची कसोटी.

म्हणून काळजी वाटते ती वेगळीच. नव्या आवृत्तीत कागद वाचवायचा, तर पहिली कुऱ्हाड चित्रांवर. आणि वाचनालयातला बाइंडर तर समदर्शी संतच! मुखपृष्ठ काढून सगळ्यांना एकाच तपकिरी पुठ्ठ्यात बसवतो. कादंबरी कुठली आणि आमचं डे-बुक कुठलं, कळू नये! मजकूर शाबूत राहतो, हे खरं. पण खातेदारांपैकी एकाला न विचारता त्याची अर्धी ठेव काढून घेतली, तर आमच्याकडे चौकशी लागते. पुस्तकांच्या दुनियेत त्याला 'सुधारित आवृत्ती' म्हणतात.