ज्योत्स्नाबाई भोळे : पद आणि प्रसंग

रामनगरच्या रामलीलेत गाणे एकाकडे आणि बोलणे दुसऱ्याकडे असते. रामायणींचा वृंद जमिनीवर बसून मानसातील चौपाया गातो. तो थांबला की ‘चुप रहो, सावधान’ अशी आरोळी उठते आणि स्वरूपे म्हणून उभी केलेली मुले आपले संवाद बोलू लागतात. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत आणि स्त्रीपात्रही नाही. सीतेची भूमिकासुद्धा मुलगाच करतो. गाणे संपून बोलणे सुरू होईपर्यंत मध्ये जी शांतता पसरते तिच्यात सगळा समुदाय गुंतून राहतो. चौपाईचा निम्मा अर्थ या शांततेत असतो, हे तेथे उभे राहिल्यावाचून कळत नाही.

गाण्याकडून बोलण्याकडे जाण्याची ही अवघड वाट पाश्चात्त्यांच्या ऑपेराने निराळ्या रीतीने टाळली. तेथे बहुतेक सर्वच गायिले जात असल्यामुळे पात्र गाते का, हा प्रश्नच उद्भवत नाही. मराठी संगीत नाटकाने मात्र दोन्ही कामे एकाच नटाच्या गळ्यात घातली. बोलता बोलता त्याने गावे आणि गाता गाता पुन्हा बोलावे, ही अपेक्षा केवढी कठीण आहे याचा विचार आपली नाट्यसमीक्षा क्वचितच करते. या कसोटीवर ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या कामगिरीचे मोल ठरविण्याचा येथे प्रयत्न आहे.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले ते पदांची मोठी रास घेऊनच. पुढे ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांनी पदाला मैफलीचे ऐश्वर्य दिले. बालगंधर्वांच्या गायनाबद्दल कृतज्ञता बाळगूनही असे म्हणावे लागते की, ‘वन्स मोअर’च्या गजरात भामिनी वा रुक्मिणी मागे सरे आणि गायक तेवढा उरे. प्रसंग पदाची वाट पाहत तिष्ठत राही.

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केले. नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते रचले होते. पुरुषाला व स्त्रीला नीतीचे एकच माप लावावे, हा मूळ नाटकाचा आग्रह. गोव्यात बांदोडे येथे १९१४ साली जन्मलेल्या ज्योत्स्नाबाईंनी त्यात बिंबाची भूमिका केली. संगीत त्यांचे पती केशवराव भोळे यांचे होते. पदे मोजकी होती आणि ती प्रसंगाच्या मापाने बेतलेली होती. बाईंच्या गळ्याला शास्त्रोक्त तालीम होती. तान त्यांना येत नव्हती असे मुळीच नाही. परंतु घरात बसलेली एक शिकलेली तरुणी स्वतःशी जितके गाईल तितकेच त्या गायिल्या. शब्दाचा उच्चार बोलण्यातला, स्वराचा आवाका बोलण्याहून थोडासाच मोठा. संवादाकडून पदाकडे जाताना लागणारी पायरी त्यांनी जवळजवळ सपाट केली. पुरुषनटाने उभारलेल्या भव्य स्त्रीप्रतिमेच्या जागी एक खरी स्त्री गाऊ लागली, ती अशी.

याच सुमारास बर्लिनमध्ये असाच एक प्रयोग घडत होता, याचे स्मरण होते. १९२८ साली ब्रेख्ट व कुर्ट व्हाइल यांच्या ‘तीन पैशांच्या ऑपेरा’त व्हाइलची पत्नी लॉटे लेन्या हिने जेनीची भूमिका केली. तिचा आवाज ऑपेराच्या गायिकेचा नव्हता, आणि म्हणूनच ती तेथे हवी होती. तीच लेन्या पुढे १९६६ साली न्यूयॉर्कच्या संगीतरंगभूमीवर ‘कॅबरे’तही उभी राहिली. दोन्हीकडे पती संगीतकार व पत्नी गायिका-नटी, आणि दोन्हीकडे ‘सुंदर गाणे’ बाजूस सारून ‘खरे गाणे’ शोधण्याची धडपड. पण साम्य येथेच संपते. लेन्याचा स्वर प्रेक्षकाला डिवचतो. ज्योत्स्नाबाईंचा स्वर त्याला विश्वासात घेतो.

या विश्वासाची खरी परीक्षा १९४२ सालच्या ‘कुलवधू’त झाली. मो. ग. रांगणेकरांच्या या नाटकात पत्नीच्या कर्तृत्वाने दुखावलेला पती आहे. इब्सेनच्या नोराची सावली नाटकावर स्पष्ट पडलेली आहे. संगीत मास्तर कृष्णरावांचे, म्हणजे भास्करबुवांच्या परंपरेतले. साहजिकच येथे पदांना रागदारीचा विस्तार लाभला. भानुमतीची मानखंडना आणि तिचे गाणे यांचा मेळ बाईंनी बहुतेक ठिकाणी साधला. पण काही पदे केवळ गाणारी नायिका हाताशी आहे म्हणून आली आहेत असे वाटते, आणि तेथे बाईंचा संयमही नाटककाराला वाचवू शकत नाही. शिवाय नोराने धाडकन लावलेले दार ऐकू येईल असे नाटक लिहिण्याचे धैर्य रांगणेकरांना झाले नाही. गायिका नाटकापेक्षा अधिक आधुनिक होती, हा निष्कर्ष टाळता येत नाही.

१९६० नंतर संगीत नाटकाला पुन्हा बहर आला. पण ‘पंडितराज जगन्नाथ’ काय किंवा ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) काय, कवी व गवई यांनाच तेथे गाण्याचा परवाना मिळाला. साध्या गृहिणीने गावे, ही ज्योत्स्नाबाईंनी उघडलेली वाट ओस पडली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींचा यात काही दोष आहे काय? पाश्चात्त्य रसिकाला ऑपेरा अथपासून इतिपर्यंत मुद्रित स्वरूपात ऐकावयास मिळतो. आपल्या वाट्याला आली ती तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. बदलीच्या गावी आपण ती लावतो, ‘वा’ म्हणतो आणि नाटक ऐकल्याचे समाधान मानतो. बालगंधर्वांचे पद असे तोडून ऐकले तरी फारसे उणे होत नाही, कारण ते स्वयंपूर्ण आहे. ज्योत्स्नाबाईंचे मात्र होते. त्यांचे पद आधीच्या वाक्यातून उगवते आणि नंतरच्या स्तब्धतेत मावळते. ती दोन्ही टोके कापली की मागे राहते ते एक गोड भावगीत, आणि त्यावरून आपण बाईंना गोड गायिका म्हणून मोकळे होतो. २००१ साली त्या निवर्तल्या. पुण्यात हिराबागेतील सभागृहाला त्यांचे नाव आहे. स्मारक योग्यच आहे.

तथापि त्यांचे ऋण फेडावयाचे तर आपल्या मंडळांनी गणेशोत्सवात नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवण्याऐवजी एखादा तरी अंक संवादांसह उभा करावा. गाणाऱ्या बाई साधारण असल्या तरी चालतील. रामनगरचे रामायणी काही नामांकित गवई नव्हेत. पण तेथे चौपाई आपल्या जागी येते, आणि म्हणूनच ती थांबल्यावरची शांतता एवढी बोलते.