‘मागे राहिले’ की ‘मागे ठेवले’? : मराठी युद्धवर्णनातील जखमी

मराठी युद्धवर्णनाने मृत्यूला भरपूर जागा दिली आहे, जखमेला मात्र फारच थोडी. रणात पडलेल्याची कीर्ती होते, परतलेल्याला सरंजाम मिळतो वा दूषण लागते. या दोहोंच्या मध्ये असलेला माणूस, म्हणजे जो मेलेला नाही आणि स्वतःच्या पायांनी परतूही शकत नाही, तो आपल्या गद्यपरंपरेला नेहमीच अडचणीचा वाटत आला आहे. त्याला उचलून न्यावे तर सगळी तुकडी मंदावते. ठेवून जावे तर तो शत्रूच्या हाती पडतो. हा पेच लष्करी आहे तितकाच नैतिक आहे. तो मराठी संहितांनी कसा हाताळला, किंबहुना कसा टाळला, याचा विचार प्रायः झालेला नाही.

प्रारंभ क्रियापदांपासून करणे सोयीचे आहे. मराठीत सोडणे–सुटणे, पाडणे–पडणे, ठेवणे–राहणे अशा जोड्या आहेत. पहिल्या क्रियापदाला कर्ता लागतो; दुसऱ्यात घटना आपोआप घडल्यासारखी भासते. ‘जखमी मागे राहिले’ या वाक्यात कोणी काही केलेले नसते. ‘जखमींना मागे ठेवले’ असे म्हणताच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. बखरगद्याचा कल बहुधा पहिल्या प्रकाराकडे असतो. लोक पडतात, कामास येतात, राहतात, पांगतात. हा निव्वळ शैलीचा विशेष आहे असे मानून चालणार नाही. निर्णयाचे रूपांतर प्रसंगात करण्याची सोय भाषेनेच पुरविली आणि निवेदकांनी ती सढळपणे वापरली, असे म्हणावे लागते.

१० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर झालेली लढाई या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. दत्ताजी शिंदे गोळी लागून पडले. जखमी जनकोजींना मात्र रणातून काढून नेण्यात आले. एकाच कुळातील दोन सरदारांपैकी एक उचलला गेला, दुसरा शत्रूच्या हाती लागला. पडलेल्या दत्ताजींच्या तोंडी बखरपरंपरेने, वाचलो तर पुन्हा लढू या अर्थाचे जे उत्तर घातले ते शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या उत्तराचा ऐतिहासिक खरेपणा येथे प्रस्तुत नाही. निवेदनात ते काय कार्य करते, हे प्रस्तुत आहे. कुत्बशहाने प्रश्न विचारायचा, दत्ताजींनी उत्तर द्यायचे, मग शिरच्छेद. या संवादाच्या चौकटीत शिंद्यांच्या फौजेला स्थानच उरत नाही. तो सरदार तेथे एकटा का होता, हे वाचकाला सुचतच नाही, कारण त्याचे लक्ष वाक्याच्या तेजाने दिपलेले असते. जखमीला वाणी देऊन बखरकार त्याला जखमी राहूच देत नाही. क्षणार्धात तो हुतात्मा होतो. सोडून गेलेल्यांची सुटका त्या एका वाक्याने होते.

संस्कृत परंपरेत या पेचाचे एक विलक्षण रूप आहे. शत्रूपक्षाच्या जखमी योद्ध्यावर आपल्या राज्यात उपचार करावेत किंवा त्याला त्याच्या घरी पोचवावे, असे शांतिपर्वातील राजधर्म सांगतो. हे सांगणारे भीष्म स्वतः शरशय्येवर आहेत, आणि दुर्योधनाने आणलेले शल्यवैद्य त्यांनी परत पाठविलेले आहेत. उपचारांचा नियम सांगणारा उपचार नाकारून रणभूमीवरच पडून आहे! मनुस्मृतीतही घायाळ शत्रूवर प्रहार करू नये एवढेच येते. तथापि या नियमांचा रोख शत्रूच्या जखमींकडे आहे. स्वतःच्या जखमीला टाकून जाणाऱ्या सेनापतीविषयी त्यांना काही सांगायचे नाही. पुढे १८५९ मधील सोल्फेरिनोच्या रणांगणावर आंरी द्यूनांने जे पाहिले आणि १८६२ च्या पुस्तकात लिहिले, त्यातून १८६४ चा जिनिव्हा करार झाला. जखमी हा कोणत्याच बाजूचा नसतो, ही कल्पना तेथून रुजली. मराठी बखरींकडे ती नव्हती, हा त्यांचा दोष नव्हे. पण आपली समीक्षाही तिच्याविनाच बखरी वाचत राहिली, हे मात्र खटकते.

१४ जानेवारी १७६१ नंतर दक्षिणेत पोचलेले सावकारी पत्र सर्वांना परिचित आहे. मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबात त्यात एका पिढीचा नाश सांगितलेला आहे. त्या रूपकाची भेदकता वादातीत आहे. तथापि ते रूपक वहीचे आहे, आणि वहीत दोनच रकाने असतात, गेले आणि उरले. जखमी इब्राहीमखान गारदी व जनकोजी शत्रूच्या हाती लागून मारले गेले. जखमी समशेरबहाद्दर सूरजमल जाटाच्या मुलखापर्यंत पोचला आणि तेथे निवर्तला. अशा माणसांना त्या वहीत रकाना नाही. नाण्याला जखम होत नाही. सामान्य शिपाई तर खुर्दा. त्याची गणतीही नाही, मग त्याला कोणी उचलले का, हे कोण विचारणार?

नाना फडणवीसांचे आत्मचरित्र या पार्श्वभूमीवर वेगळे उठून दिसते. पानिपतच्या वेळी नाना एकोणीस वर्षांचेही नव्हते. आई व पत्नी बरोबर होत्या. पत्नी पुढे सुखरूप भेटली, आई परतली नाही. वेष टाकून, अन्नावाचून, पायी केलेल्या पलायनाची हकीकत त्यांनी स्वतः लिहिली. प्रौढ वयात कीर्तीस चढलेल्या मुत्सद्द्याने आपल्या पळण्याची इतकी उघड नोंद ठेवावी, हे त्या काळातील मराठी गद्यात असाधारण आहे. परंतु या कबुलीची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. निर्णायक क्षणी नानांच्या निवेदनात ईश्वर कर्ता होतो. रक्षण तो करतो, वियोगही तोच घडवितो. ‘मी सोडून आलो’ असे म्हणण्याच्या अगदी काठाशी ते निवेदन येते आणि तेथून भक्तीकडे वळते. याला दंभ म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याला अपराधाची जाणीवच नाही, तो मुळात हे लिहितच नाही. भीमाशंकरच्या मंदिराच्या शिखराशी परंपरा नानांचे नाव जोडते. आंबेगावच्या पश्चिमेस सह्याद्रीत उभ्या असलेल्या त्या शिखराकडे पाहताना हा संकोचाने थांबलेला आत्मचरित्रकार सहसा कोणाला आठवत नाही.

महादजी शिंद्यांची हकीकत मात्र उलट्या दिशेची आहे. पायाला जबर जखम होऊन ते पडले आणि राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून बाहेर काढले. पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराच्या घोड्याच्या टापा महादजींना पुढे स्वप्नातही ऐकू येत, ही इंग्रज इतिहासकारांनी टिपलेली आठवणही लक्षणीय आहे. येथे कर्ता स्पष्ट आहे: उचलले, घातले, नेले. ही सकर्मक क्रियापदे वाट्याला आली ती पाणक्याच्या, शौर्याच्या कोणत्याही संहितेने ज्याला बांधले नव्हते त्याच्या. महादजींनी त्याला भाऊ मानले, पुढे सेनानायकाच्या पदाला चढविले. चरित्रकार या प्रसंगाकडे कृतज्ञतेचा दाखला म्हणून पाहतात. त्यात दडलेला आरोप त्यांना दिसत नाही, की पाणी वाहणाऱ्या बैलाला जे जमले ते त्या दिवशी किती घोड्यांना जमले नसेल?

ऐतिहासिक कादंबरीने हा धागा उचलावा, अशी अपेक्षा होती. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ने (१९८८) बुणग्यांसह सारी छावणी कथनात आणली, हे तिचे ऋण मान्य करायलाच हवे. तथापि आपल्या ऐतिहासिक कादंबरीचा एकूण मूल्यव्यूह नायकाभोवतीच बांधलेला राहिला. जखमी तेथे करुणेचा विषय होतो, निर्णयाचा होत नाही.

या प्रश्नाचे जवळचे स्थळ पुणे जिल्ह्यातच आहे. डिसेंबर १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची फौज जुन्नरच्या मुलखात होती. त्रिंबकजी डेंगळे तिला येऊन मिळाले होते. जनरल स्मिथ मागावर आहे हे कळताच ती चाकणमार्गे खाली उतरली आणि १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठच्या कोरेगावात स्टॉंटनच्या सुमारे आठशे माणसांशी तिची गाठ पडली. दिवसभर पाणी नाही; जखमी ठेवलेली धर्मशाळा अरबांच्या हाती पडली, तेथे सहायक शल्यचिकित्सक विंगेट मारला गेला, मग ती परत घेण्यात आली. दुसऱ्या रात्री स्टॉंटन शिरूरकडे निघाला तो, ग्रँट डफच्या शब्दांचा आशय सांगायचा तर, नेता येतील तितके जखमी घेऊन. ‘येतील तितके’ या सवलतीच्या शब्दप्रयोगातही निदान कोणीतरी मोजदाद केली, कोणीतरी ठरविले, एवढे शिल्लक राहते.

कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या नावांत २२ नावे ‘नाक’ प्रत्ययान्त, म्हणजे महार शिपायांची आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले, तेव्हापासून तो दगड एका समाजाच्या आत्मभानाची संहिता बनला. सावकारी पत्रात जो खुर्दा होता, तो येथे नावनिशीवार वाचता येतो. ही नोंद कंपनी सरकारने आपल्या विजयाच्या गौरवासाठी केली, हे खरेच. पण नाव कोरण्याची कृती तिच्या हेतूपेक्षा पुढे गेली. पेशव्यांच्या बाजूने त्या दिवशी पडलेल्या आणि घायाळ झालेल्या शिपायांसाठी मात्र असा दगड उभा राहिला नाही. फौज साताऱ्याच्या दिशेने निघून गेली. तिच्या जखमींविषयी लिहिताना आजचा अभ्यासकही ‘मागे राहिले’ असेच लिहून जातो.