तबकडीचें गाणें आणि सीडीचें गाणें

तबकडींतील गाणें सजीव आणि सीडींतील तेंच गाणें निर्जीव, असा एक प्रवाद रसिकमंडळींत रूढ झाला आहे. तो रूढ करणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं दोन्ही शेजारीं ठेवून ऐकलीं असतील, याची आम्हांस शंका आहे.

आमचे एक स्नेही उल्हासनगरास कॅम्प २ मध्यें, लष्कराच्या जुन्या छावणींतून उभ्या राहिलेल्या दाट वस्तींत राहतात. वडिलांच्या मागें राहिलेलें तबकड्यांचें कपाट विकावें कीं ठेवावें, हा त्यांच्या घरांतला प्रश्न; कारण जागा थोडी, आणि बहुतेक गाण्यांच्या सीडी घरांत आलेल्या. निर्णयासाठीं त्यांनीं आम्हांस बोलाविलें. खिडक्या लावून आणि दोन्हींचा आवाज सारखा ठेवून (हें न केल्यास जें मोठें वाजतें तेंच चांगलें वाटतें) आम्हीं एक सबंध दुपार ऐकलें.

प्रथम किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्री यांची लाँग प्ले. आरंभींच्या विलंबितांत पडद्याआड काय लावलें आहे हें ओळखतांना स्नेह्यांची दोनदां फसगत झाली. भेद पडला तो शेवटीं. लाँग प्ले मिनिटास ३३⅓ फेरे घेते. फेरे तेवढेच, परंतु चराचा घेर आंत आंत लहान होत जातो. अगदीं आंतल्या चरांत सुईखालून सरकणारी लांबी बाहेरच्या निम्म्याहूनही कमी भरते. तेवढ्या दाटींत लिहिलेला नाद सुईला नीट वाचतां येत नाहीं. आतां ख्यालाची रीत पाहावी: विलंबित आधीं, द्रुत आणि ताना शेवटीं. म्हणजे गायिका जेथें सर्वांत वेगवान, तेथेंच तबकडी सर्वांत दुबळी! १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीला हा दोष नाहीं. तान तिच्यावरच स्वच्छ ऐकूं आली.

मग अब्दुल करीम खांसाहेबांची ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी. एका बाजूस जेमतेम तीनसाडेतीन मिनिटें. सुई ठेवतांच अशी खरखर सुरू झाली कीं स्नेह्यांच्या कन्येनें कानांवर हात ठेवले. पण तिच्या मागें तंबोऱ्याची जवारी मंद झंकारत होती. तंबोऱ्यांच्या गांवीं, मिरजेस, बिऱ्हाड केलेल्या खांसाहेबांचा स्वर तंबोऱ्यावांचून आम्हांस कल्पितांच येत नाहीं. सीडीवर खरखर नव्हती, जवारीही नव्हती. खांसाहेब जणूं कापूस भरलेल्या खोलींत गात होते. दोन्ही नाद बारीक आणि अखंड. खरखर काढणाऱ्या यंत्रास त्यांतला भेद कळला नाहीं, आणि यंत्र चालविणाऱ्यानें तो कान देऊन पाहिला नाहीं. हा अपराध सीडीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल.

लाँग प्ले विकण्यास हरकत नाहीं, लाखेची तबकडी मात्र एकही देऊं नये, असा सल्ला आम्हीं दिला. तो स्नेह्यांस उलटा वाटला, कारण गिऱ्हाईक होतें तें लाँग प्लेलाच. तरी संध्याकाळीं त्यांनीं दोन ढीग केले. भूपाची तबकडी तेवढी त्यांच्या पत्नीनें विक्रीच्या ढिगांतून निमूटपणें उचलून पुन्हां कपाटांत ठेवली.