अधिमूल्य येते कोठून? : समभाग-विक्रीचे लेखांकन आणि भाग-मूल्यमापन यांच्या अध्यापनाची चिकित्सा

वाणिज्य शाखेच्या क्रमिक पुस्तकांत समभाग-विक्रीचे लेखांकन हे एक प्रकरण असते आणि भागांचे मूल्यमापन हे दुसरे. पुष्कळदा ती निरनिराळ्या वर्षांत शिकविली जातात. पहिल्या प्रकरणात अर्ज, वाटप, मागणी हप्ते, जप्ती व पुनर्विक्री यांच्या रोजकीर्द नोंदी विद्यार्थी घोटून घेतो. ‘दर्शनी मूल्य १० रु., अधिमूल्य ३० रु.’ हे उदाहरणातच दिलेले असते. ते ३० रुपये कशावरून ठरले, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

या विभागणीस एकेकाळी आधार होता. भांडवल-विक्री नियंत्रण अधिनियम, १९४७ अन्वये अधिमूल्यास नियंत्रकाची संमती लागे. निव्वळ मालमत्ता मूल्य आणि नफाक्षमता मूल्य यांच्या सरासरीने रास्त मूल्य काढले जाई. उत्पादक कंपनीच्या नफ्याचे भांडवलीकरण १५ टक्के दराने होई. १९९२ मध्ये हे नियंत्रण संपुष्टात आले आणि किंमत ठरविण्याची जबाबदारी कंपनीवर आली. पुस्तकांत सूत्र राहिले, प्रश्न मात्र आला नाही.

एक काल्पनिक उदाहरण पाहता येईल. कंपनीचे समभाग १ लाख, निव्वळ मालमत्ता ५० लाख रु., करोत्तर सरासरी नफा १२ लाख रु. मालमत्तेनुसार मूल्य ५० रु., १५ टक्के दराने नफ्यानुसार ८० रु., सरासरी ६५ रु. आता २५,००० नवे समभाग ४० रु. दराने त्रयस्थास दिले. बँक खाते नावे १० लाख, भागभांडवल जमा २.५ लाख, प्रतिभूती अधिमूल्य जमा ७.५ लाख : नोंद निर्दोष आहे. परंतु ६५ लाख व १० लाख मिळून ७५ लाखांचे मूल्य १.२५ लाख समभागांत विभागले की प्रत्येकी ६० रु. येतात. जुन्या भागधारकांनी ५ लाख गमावले, नवागताने तेवढेच मिळविले. आणि त्याची नोंद कोणत्याही खात्यात नाही. परीक्षेत या उत्तरास पूर्ण गुण मिळतात.

हेच समभाग जुन्या भागधारकांना चारास एक या प्रमाणात दिले व त्या सर्वांनी ते घेतले, तर हानी व लाभ एकाच हाती राहतात. हक्कभाग कमी किमतीत देता येतात, पण त्रयस्थास प्राधान्याने द्यावयाचे असल्यास कंपनी अधिनियम, २०१३ चे कलम ६२ विशेष ठराव व नोंदणीकृत मूल्यमापकाचा अहवाल मागते, त्याचे मर्म येथे आहे. कलम पाठ करून ते उमगत नाही.

व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेसच्या प्रकरणात ही दोन्ही प्रकरणे न्यायालयासमोर एकत्र आली. कंपनीने २,८९,२२४ समभाग १० रु. दर्शनी मूल्य व ८,५०९ रु. अधिमूल्य घेऊन आपल्या परदेशी धारक कंपनीस दिले. प्राप्तिकर खात्याच्या मते मूल्य प्रत्येकी ५३,७७५ रु. होते, म्हणून फरकाचे सुमारे १,३०९ कोटी रु. उत्पन्न मानावे, असा आग्रह होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो नाकारला : समभाग-विक्री हा भांडवली व्यवहार असून न मिळालेले अधिमूल्य उत्पन्न ठरत नाही. निर्णय योग्यच होता. शिवाय सर्व समभाग एकाच धारकाकडे असताना कमी किमतीने हानी व्हावी ती कोणाची?

उलट दिशेचा प्रसंगही घडला. २०१२ च्या वित्त अधिनियमाने बिगर-सूचिबद्ध कंपनीने रास्त मूल्याहून अधिक घेतलेली रक्कम उत्पन्न मानली. नवउद्योगांना ही तरतूद जाचक ठरली आणि २०२४ मध्ये ती मागे घेण्यात आली. अधिमूल्य खात्यातील जमेवर मूल्यमापनाची पद्धतच कर लादू शकते, हे दाखविण्यास याहून बोलके उदाहरण नाही.

वटावाने विक्रीच्या नोंदींचा सराव मात्र अजूनही करून घेतला जात असेल, तर त्यास समर्थन नाही. २०१३ च्या अधिनियमाचे कलम ५३ काही अपवाद सोडता अशी विक्रीच निषिद्ध ठरविते. त्या तासिका मोकळ्या करून वरील उदाहरणात ‘जुन्या भागधारकाचे काय झाले?’ हा एक उपप्रश्न घालता येईल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने एक ओळ वाढविली तरी पुरते.