थांबायचं कोणी ठरवायचं?

२२ नोव्हेंबर २०२२ ला लुसैलच्या मैदानावर सौदी अरेबियाने मेस्सीच्या अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं आणि राजे सलमान यांनी दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी दिली. इथे जेद्दात कुठल्याही टॅक्सीवाल्याकडे विषय काढून बघा, सालेम अल-दौसरीचा गोल तो तुम्हाला हातवाऱ्यांसकट सांगेल. त्याच सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत यासिर अल-शहरानी या बचावपटूच्या तोंडावर त्याच्याच गोलरक्षकाचा गुडघा जोरात आदळला. चेहऱ्याची हाडं मोडली, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं, शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा विश्वचषक तिथेच संपला. हा भाग मात्र सहसा कोणी आपणहून सांगत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या कानावर येणारी एक तक्रार. तुमच्याही येत असेल. "फुटबॉल आता फुटबॉल राहिला नाही. कोणी डोक्याला हात लावला की खेळ बंद, ऊन पडलं की पाण्यासाठी खेळ बंद." २०२६ च्या विश्वचषकात प्रत्येक सामन्याच्या दोन्ही अर्धांत तीन-तीन मिनिटांचा ब्रेक असेल, असं फिफाने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून तर या तक्रारीला धारच चढली. छप्पर असलेल्या, वातानुकूलित मैदानावरही ब्रेक? मग तो पाण्यासाठी की जाहिरातींसाठी?

प्रेक्षकांचा हा राग मूर्खपणाचा आहे, असं मला वाटत नाही. क्रिकेटमध्ये षटक संपतं, फलंदाज बाद होतो, खेळ जात्याच तुकड्यातुकड्यांत चालतो. फुटबॉलची गंमत पंचेचाळीस मिनिटांच्या सलगपणात आहे. दमलेला बचाव हळूहळू उसवत जातो, तो बघायलाच आपण बसलेलो असतो. ब्रेक त्या बचावाला टाके घालून देतो. २०१४ साली फोर्टालेझात नेदरलँड्स मेक्सिकोविरुद्ध ०-१ असे मागे होते. कडक उन्हामुळे कूलिंग ब्रेक झाला आणि प्रशिक्षक लुई फान गाल यांनी त्यात डावपेच बदलले. हे त्यांनी नंतर उघडपणे सांगितलंही. ८८ व्या मिनिटाला बरोबरी, भरपाई वेळेत पेनल्टी, नेदरलँड्स २-१ ने विजयी. मेक्सिकोच्या चाहत्याने त्या ब्रेकला शिव्या घातल्या तर त्याला दोष कसा द्यायचा? डोक्याच्या दुखापतीचंही तेच. गंभीर शंका असेल तर पंचाला खेळ थांबवावाच लागतो, हे ठाऊक असलेले खेळाडू आघाडी टिकवायला डोकं धरून आडवे होतात.

पण या तक्रारीतली एक गोष्ट मला खटकते. आपण नियम तोलतो तो फायदा कोणाचा झाला यावर. क्रिकेटचंच बघा. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला. त्याच्या जागी कन्कशन सबस्टिट्यूट म्हणून हर्षित राणा आला आणि तीन बळी घेऊन गेला. अष्टपैलूच्या जागी निव्वळ वेगवान गोलंदाज कसा, हा जोस बटलरचा सवाल रास्त होता. आपल्यापैकी कितीजणांनी तो तेव्हा रास्त म्हटला? हाच बदल इंग्लंडने आपल्याविरुद्ध केला असता तर?

म्हणून कोण जिंकलं ते थोडा वेळ बाजूला ठेवा आणि नियम नेमकं काय करतो ते बघा. सौदीच्या त्या विजयाच्या आदल्याच दिवशी इंग्लंडविरुद्ध इराणचा गोलरक्षक अलीरझा बेइरानवंद आपल्याच सहकाऱ्यावर आदळला. बराच वेळ मैदानात उपचार झाले. आपण ठीक आहोत असं म्हणत तो पुन्हा उभा राहिला. काही मिनिटांतच तो खाली बसला आणि त्याला बाहेर न्यावं लागलं. त्या अर्धाला चौदा मिनिटं भरपाई वेळ द्यावा लागला. म्हणजे प्रेक्षकांचा वेळ गेला तो गेलाच आणि खेळाडूही धोक्यातून वाचला नाही.

असं होतं कारण फुटबॉलचा नियम अर्धवट आहे. नियम ठरवणाऱ्या आयफॅबने २०२१ पासून कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूची चाचणी घेतली आणि २०२४ मध्ये हा पर्याय स्पर्धांना खुला केला. पण तो बदल कायमचा. एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही. साहजिकच डॉक्टरला गवतावर गुडघे टेकून, हजारोंच्या आरड्याओरड्यात निदान करावं लागतं. खेळाडू जायला तयार नसतो, प्रशिक्षकाला तो गमवायचा नसतो. रग्बीत खेळाडू बाहेर जातो, आत खोलीत तपासणी होते, तोवर तात्पुरता बदली खेळतो आणि सामना सुरूच राहतो. इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतल्या लीगना हीच तात्पुरत्या बदलीची चाचणी घ्यायची होती. परवानगी मिळाली नाही. गंमत बघा, खेळ थांबू नये असं वाटणाऱ्या चाहत्याला आणि डोकं शाबूत राहावं असं वाटणाऱ्या डॉक्टरला हवा असलेला नियम एकच आहे. तोच नेमका नाकारला गेला, आणि आपण मात्र आडव्या पडलेल्या खेळाडूवर चिडतो.

उन्हाचंही बघू. फिफाचा जुना निकष तापमापीवरचा आहे: हवेचं तापमान, आर्द्रता आणि ऊन मिळून काढलेला 'डब्ल्यूबीजीटी' हा आकडा ३२ च्या वर गेला की कूलिंग ब्रेक. या आकड्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापीचा वाटा ७० टक्के असतो, कारण शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. रियाधच्या कोरड्या चाळीस अंशांत घाम वाळतो, जेद्दात समुद्राकाठी त्याहून कमी तापमानातही तो नुसता ओघळत राहतो. खेळाडूंची संघटना फिफप्रो म्हणते की फिफाची मर्यादा फारच वरची आहे. २०२६ साठी फिफाने तापमापी बाजूला ठेवून घड्याळ हातात घेतलं. चाहत्यांना ते हास्यास्पद वाटतं, आणि छपराखाली ते आहेही.

पण घड्याळाच्या नियमाची एक बाजू इथे राहून कळते. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२ ते ३ उघड्यावर उन्हात काम करायला बंदी आहे. हाही घड्याळाचाच नियम. त्याचा मोठा गुण असा की कोणालाही "मला झेपत नाही" असं म्हणावं लागत नाही. बेइरानवंदला ते म्हणवलं नाही. कर्ज काढून आलेल्या कामगाराला तर ते म्हणणं परवडतच नाही. दोषही तितकाच स्पष्ट आहे. साडेतीनला ऊन संपत नाही आणि रात्रीच्या दमटपणाची घड्याळाला खबर नसते. कतारने २०२१ मध्ये तास वाढवले आणि आकडा ३२.१ च्या वर गेला तर काम थांबवायचं, असंही ठरवलं. म्हणजे घड्याळ आणि तापमापी, दोन्ही.

२०३४ चा विश्वचषक सौदीत आहे. प्रस्तावात पंधरा मैदानं आहेत, त्यातली बरीच अजून बांधायची आहेत. तिथे खेळाडू तीन मिनिटं थांबतील तेव्हा आपण कुरकुरणार, हे मला आत्ताच दिसतं. कुरकुरा, पण नेमकी मागणी करा. ब्रेकमध्ये प्रशिक्षकाला खेळाडूंपासून दूर ठेवा. थंडगार छपराखाली ब्रेक नको. डोक्याच्या दुखापतीला तात्पुरता बदली द्या. आणि त्या मैदानाची वाळू उपसणाऱ्या माणसालाही घड्याळाबरोबर तापमापी द्या. त्याच्या ब्रेकमुळे कोणाचाच सामना अडत नाही, म्हणून त्याच्या नियमावर चिडायलाही कोणी नसतं.