मोपासाँच्या कथेचा शेवट आणि फ्रेंच चित्रपट

गी द मोपासाँ (१८५०–१८९३) या कथाकाराचा परिचय महाविद्यालयीन अध्यापकांना नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. ‘द नेकलेस’ या इंग्रजी नावाने आपल्याकडे पोहोचलेली त्याची १८८४ सालची कथा अनेक पिढ्यांनी वर्गात शिकली आणि शिकवली आहे. उसना आणलेला हार हरवतो. ३६,००० फ्रँक मोजून तसाच दुसरा हार परत केला जातो. ते कर्ज फेडता फेडता मातिल्दची दहा वर्षे झिजून जातात, आणि मूळचा हार खोटा, फार तर ५०० फ्रँक किमतीचा होता हे अखेरच्या वाक्यात कळते. कथा शिकविताना आपला सारा भर या अखेरच्या वाक्यावर असतो. ना. सी. फडके यांच्या पिढीने मराठीत रुजविलेल्या तंत्रविचाराशी असे वाचन सहज जुळणारे होते. परिणामी मोपासाँ म्हणजे कलाटणी, धक्का आणि उपरोध हे समीकरण आपल्याकडे पक्के झाले. मधली दहा वर्षे मात्र आपण दोन मिनिटांत उरकतो.

फ्रान्समधील काही श्रेष्ठ दिग्दर्शकांना मोपासाँमध्ये ही मधली वर्षेच दिसली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. साहित्यकृतीच्या माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे बहुधा मूलनिष्ठेच्या प्रश्नापाशी अडते. काय गाळले, काय वाढविले याची यादी तयार होते आणि लेख संपतो. परंतु चांगला चित्रपट हा मूळ कृतीवरील समीक्षालेखही असू शकतो. या दृष्टीने ज्याँ रेन्वार यांचा ‘पार्ती द कांपान्य’ (ग्रामीण सहल) आणि मॅक्स ओफुल्स यांचा ‘ल प्लेझीर’ (सुख) हे दोन चित्रपट साहित्याच्या अध्यापकाने आवर्जून पाहावेत. या विषयावरील इतर चित्रपटही आहेत. त्यांचा उल्लेख ओघाने येईल, पण ते या पंक्तीचे नाहीत.

रेन्वार यांनी १८८१ सालच्या या कथेचे चित्रण १९३६ च्या उन्हाळ्यात केले. फ्रान्समधील कामगारांना पगारी रजेचा हक्क देणारा कायदा त्याच वर्षी जूनमध्ये झाला होता. शहरी माणूस दिवसभरासाठी निसर्गाकडे धावतो, या विषयाला त्यामुळे एक ताजा संदर्भ होता. कथेतील द्यूफूर हा पॅरिसमधील लोखंडी सामानाचा दुकानदार. दूधवाल्याची गाडी मागून घेऊन तो पत्नी, मुलगी आंरिएत, सासू आणि दुकानातील नोकर यांच्यासह नदीकाठी जातो. तेथे होड्या बाळगणारे दोन तरुण भेटतात. एक आईला, दुसरा मुलीला होडीतून घेऊन जातो. बेटावरील झाडीत जे घडायचे ते घडते. पुढे आंरिएतचे त्या नोकराशी लग्न होते. मोपासाँच्या कथेत दोन महिन्यांनी आंरी हा तरुण दुकानात डोकावतो आणि लग्नाची वार्ता त्याला आईकडून कळते. वर्षभराने तो पुन्हा त्या बेटावर जातो, तेव्हा झोपलेल्या नवऱ्याशेजारी आंरिएत बसलेली असते. दोनचार वाक्ये बोलून होतात, नवरा जांभई देत उठतो, कथा संपते.

कथेचा निवेदक या मंडळींकडे किंचित वरून पाहतो. आईच्या स्थूल देहाचे, बापाच्या अज्ञानाचे, नोकराच्या पिवळ्या केसांचे तो हसे करतो. मुलगी झोपाळ्यावर बसते तेव्हा आपण पुरुषांच्या नजरेने तिचे उडणारे कपडे पाहतो. रेन्वार यांनी हा प्रसंग घेतला, पण नजर वाटून टाकली. खानावळीत जेवणारे दोघे मित्र खिडकीची दारे उघडतात आणि अंधाऱ्या खोलीत एकदम प्रकाश, बाग, झोपाळा असे सारे येते. कुंपणावरून पाहणारी मुले, वाटेने जाणारे धर्मशाळेतील विद्यार्थी, मिशांवर हात फिरविणारा रोदोल्फ हे सर्व आंरिएतकडे पाहत असतात. मात्र कॅमेरा मध्येच तिच्यासह झोके घेऊ लागतो, आणि ती काय अनुभवते आहे हे आपल्याला आतून जाणवते. पाहिली जाणारी मुलगी येथे पाहणारी होते. कथेत हे नाही. तरीही ते कथेविरुद्ध आहे असे म्हणता येणार नाही, कारण कथेच्या अखेरीस आंरिएतच्या तोंडी येणाऱ्या एका छोट्या वाक्याला या झोपाळ्यामुळे आधार मिळतो.

बेटावरील प्रसंगात मोपासाँने एक धूर्त युक्ती वापरली आहे. तो प्रेमिकांचे वर्णन करीतच नाही. झाडावरील नाइटिंगेल पक्ष्याच्या गाण्याचे करतो. ते गाणे चढते, टिपेला जाते, मंदावते. वाचकाला अर्थ कळतो आणि तो मिस्कील हसतो. चित्रपटात पक्षी आहे, हसू नाही. आंरिएत प्रतिकार करते, मग तो सोडते आणि त्यानंतर तिचा चेहरा अगदी जवळून दिसतो. डोळ्यांत पाणी, नजर जवळजवळ आपल्याकडे. तेथून थेट ढग, वाऱ्याने वाकलेले गवत आणि नदीच्या पाण्यावर पडणारा पाऊस. धावत्या होडीवरून घेतलेले ते दृश्य वेगाने मागे मागे सरकत जाते. एका दुपारचे संपूर्ण आयुष्यात रूपांतर होणे म्हणजे काय, हे सांगायला त्याहून चांगली भाषा मिळणे कठीण. सिल्व्हिया बाताय या अभिनेत्रीचा तो चेहरा आणि पुढचा पाऊस यांच्यामध्ये एकही शब्द नाही.

वास्तविक पाऊस हे या चित्रपटावरील संकट होते. लुआँ नदीच्या काठी हवामानाने वारंवार घात केला, चित्रण रेंगाळले आणि रेन्वार ते अपुरे टाकून पुढील चित्रपटाकडे वळले. पुढे महायुद्ध झाले, ते अमेरिकेत गेले. निर्माते पिएर ब्रोनबेर्जे यांच्या पुढाकाराने, मार्गेरित रेन्वार यांच्या संकलनासह, हा ४० मिनिटांचा चित्रपट १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. पॅरिसमधील दुकानाचे प्रसंग चित्रित झालेच नव्हते. त्यांच्या जागी दोन मजकूर-पाट्या आल्या. म्हणजे कथेतील सर्वांत उपरोधिक भाग, आईने लग्नाची वार्ता सहज सांगून टाकण्याचा, निव्वळ अपघाताने गळला. शिवाय कथेतील एका वर्षाऐवजी पाटीवर अनेक वर्षे लोटतात. हे सारे हेतुपूर्वक झाले असते तरी इतके नेमके साधले असते की नाही, याची शंका वाटते. सहायकांमध्ये लुकिनो व्हिस्कोंती आणि आंरी कार्तिए-ब्रेसाँ होते, ही नोंद जाता जाता. आणि याच रेन्वार यांनी १९४९–५० मध्ये बंगालमध्ये ‘द रिव्हर’ चित्रित केला. तेव्हा त्यांच्याबरोबर स्थळे पाहत हिंडणाऱ्यांत तरुण सत्यजित राय होते.

रेन्वार यांच्या वाचनात काही गमावलेही आहे. मोपासाँचा निर्दयपणा हा त्याच्या सत्यकथनाचा भाग आहे. द्यूफूर कुटुंबाचा कोतेपणा त्याला खरोखर सलतो. रेन्वार स्वतः खानावळवाल्याच्या भूमिकेत वावरतात आणि आपल्या पाहुण्यांवर माया करतात तशी सर्व पात्रांवर करतात. ऑग्युस्त रेन्वार या चित्रकाराचा हा मुलगा. नदीकाठच्या रविवारांचे जे उजळ चित्र बापाने शातूच्या खानावळीत रंगविले, त्याच्या प्रकाशात मुलाने मोपासाँ वाचला. ही करुणा आहे, पण करुणेमुळे काही धार बोथट होते.

ती धार ओफुल्स यांनी वेगळ्या मार्गाने राखली. १९५२ च्या ‘ल प्लेझीर’ मध्ये तीन कथा आहेत: ‘मुखवटा’, ‘तेलिएबाईंचे घर’ आणि ‘मॉडेल’. आरंभी पडद्यावर काळोख असतो आणि मोपासाँ स्वतः बोलू लागतो. फ्रेंच आवृत्तीत हा आवाज ज्याँ सर्व्हे यांचा आहे. निवेदकाला चित्रपटात जिवंत ठेवण्याचा हा निर्णय साधा वाटतो, पण त्यामुळे उपरोध आवाजाकडे राहतो आणि सहानुभूती कॅमेऱ्याकडे जाते. दोन्ही एकाच वेळी चालू राहतात.

पहिल्या कथेत एक म्हातारा तरुणाचा मुखवटा चढवून नृत्यगृहात नाचतो आणि कोसळतो. कॅमेरा त्याच्यामागे असा भिरभिरतो की दम आपल्यालाच लागतो. परंतु चित्रपटाचे मर्म दुसऱ्या कथेत आहे. नॉर्मंडीतील एका बंदराच्या गावात तेलिएबाई वेश्यागृह चालवतात. भाचीच्या प्रथम कम्युनियनसाठी त्या आपल्या सर्व मुलींना घेऊन भावाच्या खेड्यात जातात. घराला कुलूप लागल्याने गावातील प्रतिष्ठितांची शनिवार रात्र वाया जाते आणि ते आपसांत भांडतात. मोपासाँचा निवेदक या घरात मुक्तपणे फिरतो, दालनांचे वर्णन करतो. ओफुल्स यांचा कॅमेरा मात्र एकदाही आत जात नाही. तो बाहेरून भिंती चढतो, खिडक्यांशी थबकतो, झडपांच्या फटींतून डोकावतो आणि पुढे सरकतो. फ्रेंचमध्ये अशा घराला ‘मेझाँ क्लोझ’, म्हणजे बंद घर, म्हणतात. दिग्दर्शकाने तो शब्द अक्षरशः घेतला. फ्रान्समध्ये १९४६ च्या कायद्याने अशी घरे बंद करण्यात आली होती, हेही लक्षात घ्यावे.

याउलट खेड्यातील चर्चमध्ये कॅमेरा निःसंकोच शिरतो. रोझाला (दान्येल दारिये) स्वतःचे बालपण आठवते, ती रडू लागते, तिच्या सोबतिणी रडतात आणि पाहता पाहता सारे चर्च हुंदके देते. धर्मगुरूला वाटते, ईश्वर अवतरला. मोपासाँच्या कथेत हा प्रसंग विनोद आणि गांभीर्य यांच्या काठावर उभा आहे. वाचक हसण्याची मुभा घेऊ शकतो. ओफुल्स ती मुभा काढून घेत नाहीत, पण हसणे अवघड करतात. जेथे या स्त्रियांचे शरीर विकले जाते तेथे प्रेक्षकाला प्रवेश नाही. जेथे त्या रडतात तेथे आहे. परतीच्या वाटेवर त्या फुले वेचतात आणि जोसेफच्या भूमिकेतील ज्याँ गाबँ ओशाळलेल्या प्रेमाने पाहत राहतो. रात्री घर पुन्हा उघडते, दिवे लागतात, आपण पुन्हा बाहेर.

तिसऱ्या कथेत प्रियकर सोडून जाऊ पाहतो म्हणून मॉडेल खिडकीतून उडी घेते. या ठिकाणी कॅमेरा तिच्या डोळ्यांचे काम करतो: जिना चढतो, खिडकी उघडतो आणि खाली कोसळतो. पुढे चित्रकार तिच्याशी लग्न करतो. शेवटी समुद्रकिनाऱ्यावर चाकांच्या खुर्चीतील पत्नीला ढकलणारा नवरा दिसतो आणि सुख हे काही आनंदी नसते, अशा अर्थाचे उद्गार ऐकू येतात. हे उद्गार मोपासाँचे नव्हेत, चित्रपटाचे आहेत.

अन्य चित्रपटांपैकी क्रिस्तियाँ-जाक यांचा ‘बूल द स्विफ’ (१९४५) कलादृष्ट्या दुय्यम असला तरी अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. १८८० सालच्या मूळ कथेत प्रशियन अधिकाऱ्याच्या स्वाधीन होण्यास प्रवाशांनी भाग पाडलेली वेश्या अखेरीस गाडीत रडत बसते आणि तिच्या देहावर सुटका मिळविलेले सभ्य लोक तिला खायलाही विचारत नाहीत. जर्मन व्यापातून नुकत्याच मुक्त झालेल्या फ्रान्सला हा शेवट सोसणारा नव्हता. म्हणून पटकथेत ‘मादम्वाझेल फिफी’ ही दुसरी कथा जोडण्यात आली आणि नायिकेने अधिकाऱ्याला भोसकले. परंतु त्या दुसऱ्या कथेत हे कृत्य करणारी राशेल ही ज्यू स्त्री आहे. तिचे कृत्य नॉर्मन नायिकेला बहाल झाले आणि राशेल १९४५ च्या पडद्यावरून नाहीशी झाली. छळछावण्यांतून वाचलेले ज्यू ज्या वर्षी परतत होते, त्याच वर्षी हे घडले. देशाभिमानासाठी घेतलेले पटकथेचे स्वातंत्र्य किती महाग पडू शकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. मिशेलीन प्रेल यांचा अभिनय चांगला आहे. तेवढ्याने हा प्रश्न मिटत नाही.

आलेक्सांद्र आस्त्र्युक यांनी १९४८ मध्ये कॅमेऱ्याला लेखणीची उपमा देणारा गाजलेला लेख लिहिला. त्यांचा ‘यून व्ही’ (१९५८) रंगांसाठी पाहावा. कादंबरीतील दीर्घ, संथ झीज त्यात उतरलेली नाही. गोदार यांच्या ‘मास्क्युलँ फेमिनँ’ (१९६६) मध्ये तर मोपासाँच्या दोन कथांचा जवळजवळ मागमूस उरत नाही.

वर्गात उपयोग करावयाचा झाल्यास ‘पार्ती द कांपान्य’ पासून आरंभ करावा. ४८ मिनिटांच्या तासिकेत हा चित्रपट पूर्ण बसतो आणि हजेरीलाही थोडा वेळ उरतो. कथा आधी वाचून घेऊ नये. चित्रपट पाहिल्यानंतर ती दिली, तर विद्यार्थी नाइटिंगेलच्या परिच्छेदापाशी अडखळतात, कारण आंरिएतचा चेहरा त्यांनी आधी पाहिलेला असतो. त्यानंतरच्या तासिकेला ‘द नेकलेस’ घ्यावी आणि मातिल्द पाण्याच्या बादल्या घेऊन जिने चढते, प्रत्येक मजल्यावर धापा टाकत थांबते, त्या परिच्छेदावर निम्मा वेळ द्यावा.